किलवर सत्तीचा डावा हात

नाना, रंग लावायला तुम्हाला सांगितलं होतं कोणी?

तुमचं तेरावं होऊन आठवडा झाला, तरी माझ्या तोंडात पहिला हाच प्रश्न येतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मीही लिहीन, पण आधी भांडण. ते अर्ध्यावर असताना तुम्ही उठून गेलात, आणि सौदा अर्धा टाकून उठणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

हे चार लोकांत लिहितोय, कारण बोललो होतो तेही चार लोकांतच. अक्कांना विचारलं. तुमच्या मंडळींना धुळ्यातलं सगळं देवपूर अक्का म्हणतं, मीही म्हणतो. त्या म्हणाल्या, "लिहा. पण खरं लिहा, भाऊ. तुमची सवय ठाऊक आहे मला."

तर खरं लिहितो.

आपली गाठ भुसावळला पडली. रेल्वेच्या बंगल्यांतली अँग्लो-इंडियन कुटुंबं तेव्हा एकेक करून ऑस्ट्रेलियाला नाहीतर विलायतेला निघाली होती. जाताना घर होतं तसं विकायची. मी नुकताच माझा जुन्या सामानाचा धंदा हातगाडीवरून उतरवून जळगावात एका गाळ्यात आणला होता. बंगल्यात शिरायचं, एकदा नजर फिरवायची आणि पलंगापासून चमच्यापर्यंत सगळं उक्तं, एका आकड्यात उचलायचं, ही माझी पद्धत. त्या दिवशीही माल बांधून झाला होता. तेवढ्यात तुम्ही धुळ्याहून धापा टाकत आलात. पांढरा पायजमा, खांद्याला पिशवी, बोटांना शाई.

"मडमेची रंगांची पेटी विकायची आहे असं कळलं."

"मडमेची नाही आता," मी म्हटलं. "माझी आहे."

तुम्ही पेटी उघडलीत, रंगांच्या वड्यांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "मला ही फार हवी आहे हो."

असं म्हणतं का कोणी, नाना? मी मनातल्या भावाच्या तिप्पट सांगितला. तुम्ही परतीच्या तिकिटापुरतं बाजूला काढलंत आणि उरलेलं सगळं माझ्या हातावर ठेवलंत. मला हसूही आलं आणि रागही आला. शेवटी चहा मीच पाजला. म्हटलं, "मास्तर, एक गोष्ट शिका. हवं ते हवं म्हणायचं नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्या वस्तूचा भाव करायचा आणि हवी ती नावं ठेवत ठेवत उचलायची."

तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "मग त्या वस्तूला कसं कळणार, भाऊ?"

त्याच मालात एक चामड्याची डबी होती. घरी येऊन उघडली तर आत पत्त्यांचा कॅट. अमेरिकेकडचा, सोनेरी कडांचा. लढाईच्या वेळी सोल्जरांबरोबर इकडे आला असणार. प्रत्येक पानावर एक रंगवलेली बाई आणि प्रत्येकीची काहीतरी फजिती. एक टेलिफोनच्या वायरीत गुरफटलेली, एक शिडीवर अडकलेली, एकीच्या स्कर्टाचं टोक कुत्र्यानं धरलेलं. कपडे बेताचेच, पण चेहरे पाहिले तर आपल्या गल्लीत कुणाचं दूध उतू गेल्यावर होतो तसे. मी मोजले. एक्कावन्न. किलवरची सत्ती नव्हती.

एका पत्त्यासाठी एवढं काय, असं मला अनेकांनी विचारलं असतं, मी सांगितलं असतं तर. सांगितलं नाही. माझा जन्म एदलाबादकडच्या एका खेड्यातला. घरात कप पाच होते आणि बशा तीन. धंदाही असा निवडला की सगळं फुटकं, तुटकं, जोडी हरवलेलंच हातात यायचं. आयुष्यात एक वस्तू तरी पुरी असावी, सगळीच्या सगळी, असं मला त्या डबीकडे बघताना वाटलं. बायकांचं नंतर. आधी बावन्न.

मग आठवलं. रंगांच्या पेटीच्या झाकणात एक पत्ता खोचलेला होता. मडम त्यावरून हात बसवत असावी. माझा पत्ता मीच, न बघता, तुम्हाला विकला होता.

शाळेच्या पत्त्यावर आलेलं पोस्टकार्ड शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे वाचतात. म्हणून मी लिहिलं, "बैल पाहावयास बाजारच्या दिवशी पारोळ्यास यावे." तुम्ही खरंच आलात. "भाऊ, ड्रॉइंग मास्तरला बैल कशाला?" असं विचारत आलात. मी कडुनिंबाखाली बसवून तुम्हाला दुसऱ्याच कुठल्या कॅटातले तीन सुटे पत्ते दाखवले. तुम्ही एकदम उजळलात. "अहो, अशीच एक माझ्याकडे आहे!" आणि वहीतून सत्ती काढलीत.

ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. लाल ठिपक्यांचा घेर वाऱ्यानं उडालेला, दातांत दोन चिमटे धरलेले, म्हणून ओरडताही येत नाही. डाव्या हातानं दोरी पकडलेली. तुम्ही म्हणालात, "हिला वारा पारोळ्याचाच लागलेला दिसतो."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, नाना, ही माझ्याकडच्या एक्कावन्न जणींची बहीण आहे, द्या. तुम्ही तिथल्या तिथे दिली असती. पण मला माझंच शिकवलेलं आडवं आलं. मी पत्ता दोन बोटांत धरला, लांब केला, तोंड वाकडं केलं. "चेहरा बरा आहे. पण हात बघा. लाकडाचा. माझ्या ह्या एका सुट्या पत्त्याच्या बदल्यात द्या, घेऊन जातो."

तुम्ही पत्ता जवळ नेलात, बराच वेळ पाहिलात आणि परत वहीत ठेवलात. "खरं आहे तुमचं, भाऊ. हात बिघडलाय. बिघडलेली वस्तू मी तुम्हाला कशी देऊ?"

झालं. तिथून पुढची दहा-अकरा वर्षं मी त्या हाताला नावं ठेवली, आणि जितकी नावं ठेवली तितकी ती सत्ती माझ्यापासून लांब गेली.

आपली रीत मात्र छान बसली होती. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली बोटं धरून आकडा सांगायचा. पंजा दाबला की सौदा पक्का, हात काढला की मोडला. आपला मालही तोंडानं बोलण्यासारखा नव्हता, म्हणून आपणही रुमाल टाकला. माझी दोन बोटं म्हणजे तुमच्या एका पत्त्याला माझे दोन. बैलांच्या गर्दीत कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. फक्त सुपडू दलालाची नजर तिखट. एकदा तो समोर येऊन उभाच राहिला.

"मास्तर, दोन वरीस व्हयनात, सौदा चालू शे. बैल कोठे शे?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "सुपडू, भाव पटल्याशिवाय बैल घरातून काढत नाही मी."

तो आठवडाभर ते सांगत हिंडला.

तुमच्याकडे सुटे पत्ते साठत गेले. मिलिटरीतून आलेल्या एकाकडून चार, रद्दीतून दोन, चाळीसगावच्या एका गार्डाकडून अर्धा कॅट. तुम्ही ते बिस्किटांच्या डब्यात, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचात. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं बारीक खूण, उजेड कुठून येतो त्याची. मी पत्ता बघायचो तो कडा झिजल्यात का, पाठ फाटलीय का. तुम्ही म्हणायचात, "आधी गुडघ्यावरची सावली बघा. इथे तांबडा नाही, हिरवा वापरलाय त्यानं." मला वाटायचं मास्तर थापा मारतो. मग भिंगातून हिरवा दिसायचा. एका भंगारवाल्याला तुम्ही हिरवी सावली दाखवलीत, नाना. याचे आभार मी मानले नव्हते. आज मानतो.

आणि सत्तीचा विषय निघाला की मी म्हणायचो, "तो हात काही बघवत नाही बुवा." पुढे पुढे तुम्हालाच ते बोचायला लागलं. एकदा म्हणालात, "ह्या चित्रकाराला बाई काढता येते, पण काम करणारा हात येत नाही. त्यानं कधी दोरीवर कपडे वाळत घातले नसणार." मी जोरजोरात मान हलवली. मला वाटलं, भाव उतरतोय.

मी जळगावात मोठं दुकान घेतलं तेव्हा तुम्ही आणि अक्का आलात. गडबडीत मी गिऱ्हाइकांत अडकलो होतो. माझी बायको कमल तुम्हाला आत घेऊन बसली. तिला वाटलं, मास्तर जाणकार आहेत, दाखवू या. तिनं चामड्याची डबी पुढे ठेवली आणि म्हणाली, "एक पान कमी आहे म्हणे. महिन्यातून एकदा तरी मोजतात. वाढणार आहे का मोजून?"

हे मला कमलनं पुष्कळ उशिरा सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तुम्ही बाहेर आलात आणि माझ्याकडे बघून हसलात. पेढा घेतलात.

पुढच्याच महिन्यात तुमचं पोस्टकार्ड आलं. पहिल्यांदाच बोलावणं तुमच्याकडून. "बैल पाहावयास यावे. या खेपेस भाव करावयाचा नाही."

कडुनिंबाखाली तुम्ही आधीच येऊन बसला होतात. हातावर रुमाल टाकलात, पण बोटं धरली नाहीत. रुमालाखालून पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलंत. मी उलगडलं. सत्ती. मग हात दिसला.

डावा हात नवा होता. बोटं वळलेली, अंगठा दोरीच्या पलीकडून आलेला. आणि त्या नखाएवढ्या जागेत पत्त्याची चकाकी गेलेली. जुन्या वस्तूवर नंतरचा रंग लागला की तिची किंमत गेली, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"अरे मास्तर, काय केलंस हे!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला अरे-तुरे केलं.

तुम्ही गोंधळलात. "तुम्हाला तो हात बघवत नव्हता ना, भाऊ? तुमचा कॅट पुरा होतोय, तर नीट व्हावा म्हणून..."

"मी म्हणेन रे! घेणारा आहे मी! घेणारा कधी चांगलं म्हणतो का?"

"मला काय माहीत," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, दिसतंय तेच सांगताय."

इथे मी थांबलो असतो तर. पण माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. तो सुरू होतो तेव्हा मी तिथे नसतो. मी रुमाल ओढून काढला. तुमच्या मांडीवरचा डबा कलंडला, पत्ते शेणामातीत पसरले. आणि मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलो, "पोरा-पोरींना चित्रकला शिकवतो आणि घरात असल्या बायका साठवतो! बघा रे, देवपूरचा मास्तर बघा!"

माणसं जमली. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्या शेत का तुम्हना बैल, मास्तर?" हेच का तुमचे बैल? आणि जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. त्यात तुमच्या शाळेतल्या एका पोराचा बापही होता.

तुम्ही उकिडवे बसून एकेक पत्ता उचललात, बाहीला पुसलात, डब्यात ठेवलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. सत्तीही मी टाकली होती, तीही उचललीत. आणि धुळ्याच्या गाडीकडे चालू लागलात.

खरं लिहायचं कबूल केलंय, म्हणून लिहितो. मी ओरडत होतो तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात सहा पत्ते होते. तुमच्याशी बदली करायला आणलेले. जळगावात बैठकीच्या कपाटात तीन कॅट आणि एक एक्कावन्नाचा होता. त्या बाजारात असल्या बायका साठवणारे दोघे होते आणि बोट दाखवणारा त्यांतलाच एक होता. हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही. आज कळू दे.

पुढचं मला सुपडूकडून कळत गेलं. तुम्हाला बोलावणं झालं. मुलींच्या वर्गाचे तास काढून घेतले. मग ड्रॉइंगच काढून घेतलं आणि लायब्ररीत बसवलं, पुस्तकांच्या पाठी चिकटवायला. सुपडू म्हणाला, "शेठ, जाई या ना एकदाव." जाऊन या एकदा. मी त्याच्यावरच भडकलो. मला वाटायचं, चूक तुमची. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला रंग लावला. तेव्हा ती वस्तू तुमचीच होती, हेही मला सोयीनं आठवायचं नाही. आणि दुसरं म्हणजे सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. मी गप्प बसलो. तुम्ही पोस्टकार्ड टाकाल, मग मी आढेवेढे घेईन, मग येईन. तीन वर्षं मी तुमच्या पोस्टकार्डाची वाट पाहिली.

बाजारच्या दिवशी पारोळ्याला मात्र जायचो. कडुनिंबाखाली उभा राहायचो. कुणी विचारलं तर बैल बघतोय म्हणायचो. एकदा सुपडूनं असं कोंडीत पकडलं की लाजेनं खरोखरच एक जोडी विकत घेतली. जळगावात जुन्या पलंगांच्या दुकानामागे दोन बैल बांधलेले. कमल म्हणाली, "यांचा कोणता सेट पुरा करायचाय?" तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही किती हसला असतात. सांगायला कोणी नव्हतं.

मागच्या महिन्यात सुपडू कडुनिंबाखाली आला तो नेहमीसारखा हसत नव्हता. "शेठ, मास्तर गयात," म्हणाला. मला आधी कळेचना कुठे गेलात.

देवपूरला तुमच्या दारात उभा राहिलो तेव्हा अक्कांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, जळगावाहून धुळ्याला यायला तीन वर्षं लागतात होय? कोणत्या गाडीनं आलात?"

मी पेला खाली ठेवला.

"मला ते पत्ते माहीत होते," त्या म्हणाल्या. "कडुनिंबाचा पाला मीच वाळवून द्यायचे. मला राग चित्रांचा नाही आला. ते त्या दिवशी शेणाचे हात घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत, त्याचा आला. तुमचा आला."

मग त्यांनी डबा आणून पुढे ठेवला. "मुलगा म्हणतो, भाऊकाकांना देऊन टाक. बघा, काय करायचं ते."

सगळ्यात वर सत्ती होती. लाल घेर, दातांत चिमटे, दोरी. डाव्या हाताच्या जागी पांढरं. मनगटापुढे काही नाही.

"त्यांचा रंग तुम्हाला नको होता ना," अक्का म्हणाल्या, "म्हणून ओल्या कापसानं काढायला बसले. रविवारचे रविवार. त्यांचा रंग निघाला, पण खालचाही निघाला. मी म्हटलं, आता परत काढा, तुम्हाला येतो. तर म्हणाले, भाऊला विचारल्याशिवाय आता ब्रश लावायचा नाही. मी म्हटलं, पोस्टकार्ड टाका. म्हणाले, बोलावून कसं विचारायचं, रागावलाय तो. आला की विचारीन."

रंगांची पेटी खिडकीत उघडीच होती, नाना. पाण्याची वाटी कोरडी पडली होती.

मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोललो. "अक्का, बाकीचे राहू द्या. हा एक मला द्या. मला हा फार हवा आहे."

अक्कांनी पत्ता माझ्या हातातून घेतला. "बाकीचे न्या. हा नाही मिळायचा. ह्याचं काम राहिलंय त्यांचं."

त्यावर बोलायला माझ्याकडे शंभर गोष्टी होत्या. नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावण्यावरच मी जगलो. पण डबा त्यांच्याकडे सरकवला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन चप्पल घातली. अक्का दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "एक सांगा. बाजारात पाहिलात तेव्हा हात खरंच वाईट झाला होता का हो? ते मला सारखं विचारायचे. मी काय सांगणार? मला चित्रातलं कळत नाही."

मी पायरी उतरलो. ते उत्तर त्यांचं नव्हतं, तुमचं होतं.

मी कडुनिंबाखाली कागद उलगडला तेव्हा रंगाचा डाग पाहायच्या आधी मी हात पाहिला होता, नाना. एक क्षणभर, पण नीट पाहिला होता. तो चांगला होता. तिनं दोरी खरंच धरली होती.